सर्पगंधेची शिकवण

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज बोलून जातो. घरातलं वडीलधारं माणूस विसरू लागलं, उगाच चिडू लागलं, दिवसाढवळ्या पेंगू लागलं, की म्हातारचळ म्हणून आपण मोकळे होतो. पण दोष दर वेळी वयाचाच असतो का? कधी तो औषधाचाही असतो. हे दाखवून देणाऱ्या औषधांपैकी एक तर आपल्याच मातीतलं आहे.

ते म्हणजे सर्पगंधा. झोप न येणाऱ्याला, भ्रमिष्टाला तिचं मूळ पूर्वापार दिलं जाई. १९३१ मध्ये सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी त्या मुळातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ नाव दिलं. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून ‘रेसर्पिन’ मिळालं आणि त्याच्या गोळ्या देशोदेशी गेल्या.

पुढे वेगळ्याच नोंदी येऊ लागल्या. रक्तदाब उतरला, पण माणूस उदास झाला, गप्प झाला. हा दोष कितपत गोळीचा, यावर पुढे वाद झाले. मात्र डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि रुग्णाच्या स्वभावाकडेही ते लक्ष देऊ लागले. १९६० नंतर झोपेच्या, चिंतेच्या नव्या गोळ्यांची लाट आली. १९९१ मध्ये अमेरिकेतले डॉ. मार्क बीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच केली. पुढच्या आवृत्त्यांत रेसर्पिनच्या जास्त मात्रेचाही त्यात समावेश झाला.

कारण साधं आहे. उतारवयात मूत्रपिंड आणि यकृत यांचं काम मंदावतं. काही औषधं अंगात रेंगाळतात, साचतात. तरुणाला सोसणारी गोळी म्हाताऱ्याला गोंधळात पाडते.

हे मी घरातही पाहिलं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर उभी हयात काढलेली माझी खाला. पोत्यांचा हिशेब तिच्या जिभेवर असे. तीच भाचीला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली, रात्री उठून दार उघडू लागली. घरचे म्हणाले, वय झालं. एका तरुण डॉक्टरनं मात्र तिची गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी केली. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. झोपेची एकच गोळी दोन निराळ्या नावांनी चालू होती, वर सर्दीची गुंगी आणणारी तिसरी. त्यानं हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं त्या कमी केल्या. खाला पुरती पहिल्यासारखी झाली नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी तिला आमची नावं आठवू लागली.

मंडळी, इथं एक सावधगिरी हवी. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. झोपेची गोळी एकदम थांबवली तर झटकेही येऊ शकतात. आपल्या हाती आहे ते एवढंच : घरात असतील तेवढी सगळी औषधं, काढे आणि चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढे ठेवायची. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि वागणं कधी बदललं, हे कागदावर लिहून न्यायचं.

दोन्ही तारखा जवळजवळ निघाल्या, तर म्हाताऱ्या माणसाला नावं ठेवण्याआधी ती पिशवी तपासून घ्यावी.