झील कोणी धरायची?

ध्रुवपद कवी लिहितो, ही समजूत अर्धीच खरी आहे. आमच्या मुलुखात शाहीर कडवे म्हणतो आणि त्याच्या पाठीमागचे झीलकरी ध्रुवपद उचलतात. झील धरणारा हा नामांकित गवई नसतो. म्हणून जे त्याच्या गळ्यात बसते तेच टिकते.

हे आम्ही विसरलो होतो. तुर्भ्याच्या बाजारात १ मेच्या सभेसाठी आमच्या तरुण मंडळींनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रावर गाणे केले. शब्द द्यावेत, ध्रुवपद कोठे ते लिहावे, ढोलकी मागावी. चहा येईपर्यंत आवाजासकट गाणे हजर! आमचे ध्रुवपद चार लांब ओळींचे होते आणि त्यात ‘शोषणमुक्त समाजरचना’ होती. ते कर्ण्यावर लावले. माथाडी शांतपणे ऐकत राहिले, एकानेही तोंड उघडले नाही, आणि दुसऱ्या कडव्याला माणसे तंबाखू मळू लागली. यंत्राला काय बोल लावावा? शब्द आमचेच होते.

मग जुन्या गोष्टी आठवल्या. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊ मुंबईत गिरणीत राबलेले, अमर शेख बार्शीच्या गिरणीतले. ऐकणाऱ्याला किती दम असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड पाहा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, एवढाच आरंभ. कडवी पुढे सरकतात, मुंबईचे दर्शन घडते, संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, बेळगाव-कारवार येते. ध्रुवपद मात्र तेच राहते, आणि ताटातूट आता एका संसाराची न राहता साऱ्या मुलुखाची होते. १९६० साली महाराष्ट्र झाला तरी बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. म्हणून ते पालुपद आजही बोचते. ध्रुवपदाखालची जमीन कडव्यांनी हलवायची असते, शब्द बदलून ते जोरकस होत नाही. आमच्या पोरांनी नेमके उलटे केले होते: दर वेळी ध्रुवपदात नवे विशेषण!

दुसऱ्या खेपेस पाटण तालुक्यातल्या एका जुन्या माथाड्याला आम्ही शेजारी बसवले. प्रत्येक ओळीला त्याचा एकच प्रश्न, “पाठीवर पोतं असताना हे म्हणता येतंय का?” तीन मसुदे असे पडले. उरले ते एवढेच: ‘ओझं आमचं, नाव कुणाचं?’ पहिल्या कडव्यात गोणीवर व्यापाऱ्याचे नाव, दुसऱ्यात इमारतीवर बिल्डरचे. तिसऱ्यात नोंदवही. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदीत कामगाराला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळाले. पण आमच्या आसपास ओझी वाहणाऱ्या कित्येक पोरांची नोंदच झालेली नाही. तेथे ‘नाव’ या शब्दाचा अर्थ फिरतो.

यंत्राला आम्ही ध्रुवपद तिन्ही ठिकाणी अक्षरशः तेच लिहून दिले आणि एकट्या गोड गळ्याऐवजी पुरुषांचा जमाव मागितला. तरी ‘आमचं’मधला च त्याने ‘आमची’तल्यासारखा म्हटला! लिपीत दोन्ही च सारखेच. यंत्र बिचारे काय करणार? चार वेळा गाणे नव्याने काढले तेव्हा एकदा बरे आले.

पुढच्या सभेत ते वाजले. तिसऱ्या कडव्यानंतर मुकादमाने कर्णाच बंद केला आणि हात वर केला. झील माणसांनी धरली, बेसूर पण मोठ्याने. ती थांबल्यावर काही पोरे टेबलापाशी आली. त्यांतल्या पहिल्याने आपले नाव सांगितले, गाव सांगितले, आणि आम्ही वही उघडली.