प्रवाहातले रूपांतर

एका संगणकाने लिहिलेली माहिती दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी ‘अ‍ॅस्की’ ही प्रमाण पद्धत ठरली. पुढच्याच वर्षी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ संगणकांसाठी ‘एब्सिडिक’ ही वेगळी पद्धत आणली. पहिलीत रोमन ‘ए’चा क्रमांक ६५, तर दुसरीत १९३. त्यामुळे चुंबकीय फितीवरची माहिती इकडून तिकडे नेताना रूपांतर करणे भाग पडे.

अडचण जागेची होती. बेल प्रयोगशाळेत सुरुवातीची युनिक्स प्रणाली ज्या पीडीपी-११/२० संगणकावर चाले, त्याची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती. अख्खी फीत तिच्यात मावणार कशी?

पण ती मावायची गरजच काय? याच प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालच्या एका टिपणात सुचवले होते, की बागेतल्या नळीला जशी दुसरी नळी जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ही सोय केली. तिचे नावच ‘पाइप’! एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारी माहिती थेट दुसऱ्यात शिरू लागली. युनिक्समधला ‘डीडी’ हा प्रोग्रॅमही एक तुकडा वाचतो, तक्त्यात पाहून क्रमांक बदलतो, लिहून टाकतो आणि पुढचा तुकडा घेतो. फाइल कितीही मोठी असो, स्मृती तेवढीच लागते.

मराठीत मात्र एवढ्याने भागत नाही. फळ्यावर ‘विद्यार्थी’ लिहून पाहा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. रेफ ‘थी’च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चार आधी होतो. अनेक जुन्या मराठी फाँटमध्ये ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असत. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. म्हणून रूपांतर करताना ‘व’ येईपर्यंत वेलांटी हातात धरावी लागते, आणि पुढे रेफ नाही याची खात्री होईपर्यंत ‘थी’ सोडता येत नाही. नेमका त्यांच्यामध्येच तुकडा संपला आणि ‘थी’ लिहून टाकला, तर शब्द बिघडलाच.

अशा फाँटमध्ये टंकलेले जुने मराठी साहित्य आज शोधता, वाचता यावे, तर ही काळजी घ्यावीच लागते. त्यासाठी सगळे पुस्तक लक्षात ठेवायला नको. पुढचे चिन्ह ज्याची जागा बदलू शकते, तेवढेच अक्षर धरून ठेवले की पुरते.