लिनक्सचे पहिले पुस्तक

१९६९ साल तारापूरकरांच्या ध्यानात आहे ते अणुवीज केंद्रामुळे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणकप्रणाली जन्मली. तिच्याच धर्तीवर १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा रचला. म्हणूनच ‘एलएस’, ‘सीपी’ ह्या जुन्या आज्ञा आजही चालतात. बोईसरच्या कारखान्यात पाळी सांभाळून शिकणाऱ्याने पदरचा पैसा खर्चताना हे ध्यानी धरावे. पडद्यावरची चित्रे दाखवणारे पुस्तक लवकर शिळे होते. आज्ञा शिकवणारे टिकते. कर्निघन व पाइक यांचे १९८४चे युनिक्सवरील पुस्तक अजून कामी येते. विल्यम शॉट्स यांचे तर फुकट मिळते. इंग्रजी अडलेच, तर मुंबईच्या आयआयटीचे मराठी बोलके पाठ आहेत. पुस्तक एकच घ्या. पण संगणकापाशी बसून वाचा, बरं का!