०.४ चा अर्थ : जबलपूर, किल्लारी आणि लॉगॅरिदम

२२ मे १९९७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. गोरखपूरसह सारे जबलपूर शहर भूकंपाने हादरले. कोसमघाट गावाची मोठी हानी झाली; एकूण चाळिसाच्या आसपास माणसे दगावली. भूकंपाची महत्ता होती ५.८.

त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी परिसरात साडेनऊ हजारांहून अधिक बळी गेले होते. तेथील महत्ता ६.२. दोन आकड्यांत फरक फक्त ०.४ चा.

हा फरक क्षुल्लक भासतो, कारण महत्ता हा घातांक आहे. भूकंपलेखावरील कंपने इतक्या भिन्न आकारांची असतात, की ती एका आलेखावर मावत नाहीत. म्हणून चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली, बेनो गुटेनबर्ग यांच्या सूचनेवरून, लॉगॅरिदमचा आश्रय घेतला. पुढे ऊर्जेचे सूत्र रूढ झाले :

लॉग(ऊर्जा) = ४.८ + १.५ × महत्ता

येथे लॉगचा पाया १० आणि ऊर्जा जूलमध्ये. दोन्ही भूकंपांची समीकरणे वजा केली की ४.८ निघून जातो आणि ऊर्जांच्या गुणोत्तराचा लॉग १.५ × ०.४ = ०.६ उरतो. गुणोत्तर म्हणजे १०^०.६, जवळजवळ ४. किल्लारीची ऊर्जा जबलपूरच्या चौपट होती. ती दहापटीहून अधिक होण्यासाठी महत्तेतील फरक ‘य’ किती हवा? १०^(१.५य) > १०. पाया १ पेक्षा मोठा असल्याने चिन्हाची दिशा बदलत नाही : १.५य > १, म्हणून य > ०.६७.

परंतु ऊर्जा चौपट, तर मृत्यू सुमारे अडीचशेपट कसे? येथे समीकरण अपुरे पडते. जबलपूरचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. किल्लारीचा दहाएक किलोमीटरवर. शिवाय किल्लारीची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदाची. झोपलेल्या माणसांवर तीच कोसळली.

किल्लारीनंतर भारतीय हवामान विभागाने भूकंपमापन केंद्रांचे आधुनिकीकरण केले. अशा दहा नव्या केंद्रांनी जबलपूरचा भूकंप टिपला, आणि म्हणूनच त्याची खोली इतक्या खात्रीने सांगता आली. भूकंपाची बातमी वाचताना महत्तेइतकीच ही खोलीही पाहावी, आणि आपल्या घराच्या भिंतीही.