भिंती पडल्या, नावं राहू द्या

माउलीहो, दिंडीला शंभर वर्षं झाली. पण लिहून ठेवलेलं थोडंच. बाकी सगळं जुन्या टाळकऱ्यांच्या तोंडी. म्हणून इथं किल्लारीची आठवण सांगतो.

१९९३ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं झोपेतच गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास जीव गेले.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मिळाली ती जमिनीच्या मानानं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, रुंद झाले. पण जुनी आळी, वेस, पार मागंच राहिले. पिढ्यांचे शेजारी पांगले. कोणाचं घर कुठं, भजनाला कोण कुठं बसायचं, हे सांगणारेही कित्येक ढिगाऱ्याखाली गेले होते.

२१ मार्च २०२४ला सकाळी परभणी, हिंगोली, नांदेडची जमीन हलली, तेव्हा आपल्यालाही किल्लारीच आठवली.

गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग सातशे वर्षं टिकले, ते कंठातून कंठात गेले आणि कुणीतरी वहीत उतरवले म्हणून. तेव्हा यंदाच्या वारीत मुक्कामाला वडीलधाऱ्यांजवळ बसा. विणेकरी कोण होते, पंगत कोण घालायचं, पारापाशी कोणाचा वाडा होता, सारं लिहून घ्या. वहीच्या दोन प्रती करा: एक आपल्या मंदिरात, दुसरी परगावी.

राम कृष्ण हरी.