मागच्या आसाचा पेच

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला गिअरचं काय?" सांगतो.

1951 साली अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रस्त्यावरच्या शर्यती पाव मैलाच्या पट्टीवर न्यायच्या म्हणून. पण अनेकांकडे गाडी एकच. रविवारी शर्यत, सोमवारी तिच्यातूनच कामावर! पेच आहे तो इथे.

मागच्या आसात 10 दातांचं पिनियन आणि 41 दातांचं क्राउन असेल, तर गुणोत्तर 4.10. शाफ्ट चार वेळा आणि वर थोडा फिरतो, तेव्हा चाक एकदा. गाडी सुटताना झेपावते. पण टॉप गिअरला ताशी 100 किलोमीटरवर इंजिन मिनिटाला सुमारे 3200 फेरे घेतं, 3.23 असेल तर 2500. तासभर तो आवाज ऐकून बघा, पेट्रोलचं तर सोडाच.

1964 ची पॉन्टिॲक जीटीओ 3.23 वर येई, हवं तर वेगळं मागा. 1969 ची तीन कार्ब्युरेटरांची प्लिमथ रोड रनर मात्र 4.10 घेऊनच येई, चाकांवर साध्या टोप्याही नाहीत. म्हणजे निवड कंपनीनेच केलेली.

बरेच जण मधलं 3.55 घेत. मला विचाराल, तर मध्यममार्ग म्हणजे मधला आकडा नव्हे. शर्यतीचा दिवस आठवड्यातून एक. उरलेल्या सहांची मतं मोजायची की नाही?

1982 मध्ये जनरल मोटर्सने 700आर4 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्याचा चौथा गिअर 0.70. आता 4.10 ला त्याने गुणा: 2.87. सुटताना शर्यतीची गाडी, हमरस्त्यावर घरची.