कोंडलेल्या घोरपडीचा उन्हाळा

घोरपड म्हटली की आपल्याला सिंहगड आठवतो. तानाजीच्या घोरपडीची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. परंतु तिच्याच कुळातल्या एका थोरल्या भावंडाचा इतिहास लिहून ठेवलेला आहे, आणि तो मला विचार करायला लावतो.

हे भावंड दहा फुटांपर्यंत वाढते. त्याचे घर इंडोनेशियातले कोमोडो बेट. १९१२ साली जावातल्या पीटर औवेन्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १९२७ साली अशा दोन घोरपडी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी तिथे त्याच वर्षी नवे घर उघडले होते. त्याची आखणी जोन प्रॉक्टर या सदा आजारी असलेल्या, पण जिद्दी विदुषीची. तिने वेगवेगळ्या पिंजऱ्यांना वेगवेगळी ऊब दिली आणि सूर्याचे अतिनील किरण आत येऊ देणारी काच बसवली. त्यांतली सुंबावा नावाची घोरपड तिच्याबरोबर निवांत हिंडे! १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, बाई वारल्या.

लंडनच्या धुक्यात ऊन आले. पण ऋतूचे काय?

१९६९ साली वॉल्टर ऑफेनबर्ग हे अमेरिकन संशोधक सहकुटुंब कोमोडोवर जाऊन राहिले. त्या बेटावर वर्षातले बहुतेक महिने कोरडे जातात. त्या कोरड्या दिवसांतच जोड्या जमतात. सप्टेंबरच्या सुमारास मादी अंडी पुरते. सातआठ महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, किड्यांची रेलचेल असताना पिले बाहेर येतात. म्हणजे कोरडेपणा हे तिथे नुसते संकट नव्हे. ते पंचांग आहे. इंडोनेशियाबाहेर या घोरपडीची पिले जन्मली ती १९९२ साली, वॉशिंग्टनला. लंडनच्या त्या दिवसानंतर पासष्ट वर्षांनी!

मग पिंजऱ्यातही उन्हाळा निर्माण करावा काय? एक पक्ष म्हणतो, बारमाही सुबत्तेने प्राणी सुस्त आणि लठ्ठ होतो. दुसरा म्हणतो, निसर्गाने केली म्हणून उपासमार हितकर ठरत नाही. मला दोन्हींत तथ्य दिसते. रानातल्या घोरपडीला ऊन असह्य झाले तर बीळ आहे, पाणी शोधायला पाय आहेत. कोंडलेल्या जीवाचे बीळही माणूस, पाणवठाही माणूसच. तेव्हा फवारा कमी करावा, खाणे ऋतूप्रमाणे बदलावे. परंतु बिळातली ओल आटू देऊ नये आणि पाण्याचे भांडे कधीही हलवू नये.

दुष्काळात चारा संपला की शेतकरी गुरांची दावी सोडतो. बांधलेल्या जीवाला दुष्काळ दाखवू नये, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.